रोज लावायला हलका, ताजा परफ्यूम: किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात कोणता चालेल?

काजूबी

नोकरी रत्नागिरीत. सकाळी पावणेआठची एसटी, बहुतेक वेळा ४० मिनिटं उभ्याने, मग स्टँडपासून चालत, आणि पुढे संध्याकाळपर्यंत पंख्याखाली काम. एसी नाही. बायकांसाठीचा, रोज लावता येईल असा परफ्यूम हवा आहे. वास ताजा हवा, म्हणजे लिंबू, हिरवी पानं, चहा या जातीतला. गोड नको, जड फुलांचाही नको. शेजारी उभ्या असलेल्या बाईचं डोकं उठता कामा नये. बजेट ७०० रुपये, अगदी ताणलं तर हजार.

आत्ता दोन बाटल्या आहेत. एक व्हॅनिलाची, खोक्यावर 'लाँग लास्टिंग' लिहिलेली. सकाळी बरी वाटते आणि अकराच्या सुमारास घशाशी येते. दुसरा लिंबाचा बॉडी मिस्ट. एसटी येईपर्यंत उडालेला असतो. यांच्यामधलं काही आहे का? लावायचं कुठे, किती? आणि पांढऱ्या सुती कुर्त्यांवर गळ्यापाशी पिवळसर डाग पडलेत, ते परफ्यूमचेच का?

अत्तरदाणी

काजूबी ताई, दोन्ही बाटल्या त्यांच्या गुणाप्रमाणेच वागतायत. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (इटलीत होणारं लिंबाच्या जातीचं फळ, अर्ल ग्रे चहाला त्याचाच वास असतो) यांच्या वासात लिमोनीनसारखे हलके रेणू भरपूर असतात. ते भराभर उडतात, आणि उडतात म्हणूनच नाकाला ताजे लागतात. त्वचेवर त्यांचं आयुष्य १५ ते ३० मिनिटं. व्हॅनिला, अंबर, ऊद हे जड, ते तासन्‌तास बसून राहतात. 'लाँग लास्टिंग' बाटलीत या जड मंडळींचं प्रमाण जास्त असतं. सकाळी त्यांच्यावर ताज्या वासाचा पातळ थर असतो म्हणून ती बरी वाटते. अकराला तो थर उडालेला असतो, खालचा गोडवा तेवढा उरतो, आणि उकाड्यात तो आणखी फुलतो.

तेव्हा 'ताजा' आणि 'दिवसभर टिकणारा' हे एकाच बाटलीत मागू नका. ताजा घ्या आणि दिवसातून दोनदा लावा. सगळा हिशेब याच्यावरच बसवायचा.

आपल्याकडची खरी अडचण दमटपणा आहे. घाटावर ४० अंशांत घाम येतो तसा वाळतोही. इथे पारा ३३-३४ च्या वर फारसा जात नाही, पण हवाच पाण्याने भरलेली, त्यामुळे घाम अंगावर तसाच राहतो. ओल्या त्वचेवर मारलेला परफ्यूम त्वचेला धरत नाही. अल्कोहोल घामात मिसळतं, सुगंधी तेल वर तरंगतं आणि पहिल्यांदा रुमाल फिरवला की त्याच्याबरोबर जातं. 'टिकत नाही' म्हणून ज्या तक्रारी येतात त्यांतल्या बऱ्याच अशा पुसून गेलेल्या परफ्यूमच्या असतात.

बाटलीवर काय बघायचं? सुगंधी द्रव्याचं प्रमाण ढोबळमानाने असं धरा: बॉडी मिस्टमध्ये १ ते ३ टक्के, कोलोनमध्ये २ ते ४, ओ द त्वालेत म्हणजे ईडीटीमध्ये ५ ते १५, ओ द पर्फ्यूम म्हणजे ईडीपीमध्ये १५ ते २०. ही व्यापारातली रूढी आहे, प्रत्येक कंपनी काटेकोर पाळतेच असं नाही. तुमच्या कामाला ईडीटी. ईडीपी घेतलाच तर एक-दोन फवाऱ्यांवर थांबायचं.

वासाच्या यादीत हिरवा चहा, नेरोली (कडू संत्र्याच्या फुलाचं तेल), पेटीग्रेन (त्याच झाडाच्या पानांचं), पुदिना, तुळशीच्या जातीतली बेसिल, आलं, आणि तळाला वेटिव्हर, सीडर किंवा पांढरा मस्क दिसला की हातात घ्या. वेटिव्हर म्हणजे आपला वाळाच. तळात हा असेल तर लिंबू उडून गेल्यावर जे उरतं ते कोरडं, मातीसारखं असतं, चिकट गोड नसतं. प्रालीन, कॅरमेल, टोंका, व्हॅनिला, नारळ, पीच ही नावं दिसली तर बाटली परत ठेवा. 'अ‍ॅक्वा', 'मरीन' या नावांनी जे विकतात त्यांत बहुधा कॅलोन नावाचं द्रव्य असतं, ते १९६६ साली फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलं. कोरड्या हवेत त्याला खाऱ्या वाऱ्याचा वास येतो. दमट हवेत मात्र त्याची कलिंगडासारखी बाजू वर येते आणि पिकायला लागलेल्या फळासारखी लागते. हे माझं मत, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मरीन परफ्यूम अंगावर लावून दोन तास थांबल्याशिवाय विकत घेऊ नये.

नावं विचाराल तर या जातीचा आदर्श म्हणजे एलिझाबेथ आर्डनचा ग्रीन टी, १९९९ चा. लिंबू, पुदिना, चहा, आणि तळ अगदी हलका. त्वचेवर दोन-तीन तासांची अपेक्षा ठेवा. १०० मिलीची बाटली तुमच्या बजेटबाहेर जाऊ शकते, पण मिलीमागे किंमत काढली तर स्वस्तात पडणाऱ्यांपैकी आहे. त्याहून हलकं हवं तर ४७११ हे जुनं जर्मन कोलोन. नेरोली, रोझमेरी, लिंबू. तासाभरात संपतं, आणि ते संपायलाच केलेलं असतं. सीके वन (१९९४) बायका-पुरुष दोघांसाठीचा आहे, उकाड्यात छान चालतो, पण तो पाच-दहा मिलीच्या छोट्या बाटलीत काढून विकतात तसा घेऊन आधी बघा. देशी कंपन्यांमध्ये टायटनच्या 'स्किन' नावाच्या परफ्यूमच्या २० मिलीच्या बाटल्या आणि एंगेजचे १८ मिलीचे खिशात मावणारे स्प्रे मिळतात. यांतही नाव बघून नको, वासांची यादी बघून निवडा. एकाच कंपनीचा एक स्प्रे लिंबाचा असतो, दुसरा सरळ कॅरमेलचा.

आता हिशेब. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं. म्हणजे ३० मिलीत ३०० फवारे. सकाळी तीन, दुपारी दोन असे रोज पाच धरले तर बाटली ६० दिवस पुरेल. ६०० रुपयांची बाटली असेल तर फवाऱ्याला दोन रुपये, दिवसाला दहा. दुकानात १०० मिलीचा डौल बघून भुलण्याआधी हा भागाकार करा.

सड्यावरची

वास कोणता ते वर आलंय, मी लावण्याबद्दल लिहिते. अर्धी लढाई तिथेच आहे.

पहिली गोष्ट, परफ्यूम घामावरचा उपाय नाही. मालवणीत सांगायचं तर, घामार सेंट मारल्यार घामाचो वास जाणा नाय, दोनूय मिळान तिसरोच वास येता. घाम मुळात बिनवासाचा असतो, काखेतले जीवाणू त्यातल्या द्रव्यांवर जगतात आणि वास तयार करतात. म्हणून काख वेगळी सांभाळायची. अँटीपर्स्पिरंट रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी करून लावा. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या छिद्रांच्या तोंडाशी बसायला वेळ घेतात. रात्री घाम कमी येतो म्हणून ते तेव्हा नीट बसतात, आणि सकाळच्या अंघोळीने सगळे निघून जात नाहीत. सकाळी घाईत घामावर लावलं तर ते कुर्त्याला लागतं आणि फुकट जातं. स्वस्तातला पर्याय तुरटी. अंघोळीनंतर खडा ओला करून दोन-तीनदा फिरवायचा आणि वाळू द्यायचा. केस काढलेल्या दिवशी तुरटी लावू नका, चुरचुरते. काखेत परफ्यूम कधीच नाही.

अंघोळ झाल्यावर अंग टिपून लगेच परफ्यूम मारू नका. न्हाणीघरातून बाहेर आल्यावर पहिली दहा मिनिटं घाम फुटतच असतो. पंख्याखाली बसा, केस विंचरा, चहा घ्या, आणि कपडे घालायच्या आधी लावा. त्याआधी जिथे लावायचं तिथे बिनवासाचं मॉइश्चरायझर मटारच्या दाण्याएवढं चोळा. कोरड्या त्वचेपेक्षा थोड्या तुकतुकीत त्वचेवर वास अधिक वेळ थांबतो.

जागा: कोपराच्या आतली बाजू, मानेच्या मागे केसांखाली, गुडघ्यामागे. मनगट मी यादीतून काढून टाकलंय, कारण दिवसात आठ-दहा वेळा हात धुतला जातो. हात १५ सेंटिमीटर लांब धरा, म्हणजे वितीपेक्षा थोडं कमी. फवारा पडला की चोळायचं नाही, वाळू द्यायचं. चोळल्याने घर्षण आणि ऊब मिळून वरचा ताजा थर आधीच उडतो, आणि तुम्ही तर त्याचेच पैसे दिलेत.

एसटीत उभं राहायचं असेल तर गळ्यावर आणि छातीवर मारू नका. गर्दीत शेजारणीचं नाक नेमकं तिथे येतं. गुडघ्यामागचा वास हळूहळू वर येतो, तुम्हाला जाणवतो, दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. ओढणी किंवा पदराच्या आतल्या टोकाला एक फवारा मारला तर तो त्वचेपेक्षा जास्त वेळ राहतो, कारण कापडाला घाम फुटत नाही. पण सुती कापडच. रेशमावर अल्कोहोलचं वर्तुळ उठतं. पॉलिस्टरमध्ये घामाचा वास मुळात जास्त धरून राहतो, त्यावर परफ्यूम मारून काही मिळत नाही. मोत्यांवर आणि नकली दागिन्यांवर फवारा पडू देऊ नका, मोत्यांचं तेज जातं आणि दागिन्यांचा मुलामा उडतो. आधी परफ्यूम, तो वाळल्यावर दागिने.

दुपारचं लावणं: ऑफिसात तोंड धुवा, ओल्या रुमालाने मान आणि कोपर पुसून घ्या, मग कोरड्याने टिपा. सकाळचा घाम आणि मीठ न काढता त्यावर दोन फवारे मारले तर ताजं वाटतच नाही. पाच मिलीची भरता येणारी छोटी बाटली पर्समध्ये ठेवा, दोन फवाऱ्यांच्या हिशेबाने महिना जवळजवळ निघतो.

आणखी एक. लावल्यावर वीस मिनिटांनी तुम्हाला वास येईनासा होईल. तो गेलेला नसतो, नाकाला त्याची सवय झालेली असते. तेवढ्यावरून 'उडाला' म्हणून आणखी चार फवारे मारणाऱ्या बाईचाच वास अख्ख्या एसटीत भरतो. खात्री करायची तर दुसऱ्या कुणाला विचारा.

रसायनवाली

डागांबद्दल. जागा बघून कारण बऱ्यापैकी कळतं. काखेत कडक, पिवळा, पापुद्र्यासारखा डाग असेल तर तो अ‍ॅल्युमिनियमचे क्षार आणि घाम यांचा. गळ्याच्या आतल्या काठावर लांबट पट्टा असेल तर त्वचेचं तेल आणि पावडर. गळ्याखाली, छातीवर गोल किंवा शिंतोड्यांसारखे डाग असतील, शिवाय धुतल्यानंतर कपाटात पडून जास्त गडद झाले असतील, तर संशय तुमच्या व्हॅनिलाच्या बाटलीवर. व्हॅनिलामधलं व्हॅनिलिन हवा आणि उजेडाने पिवळं, मग तपकिरी होत जातं. व्हॅनिलाचे पांढरे साबण कालांतराने तपकिरी पडतात, त्याचं कारणही हेच. काही परफ्यूममध्ये रंगही घातलेला असतो.

खात्री करायची सोपी रीत: पांढऱ्या सुती फडक्याच्या एका कोपऱ्यावर व्हॅनिलाचे दोन फवारे, दुसऱ्यावर बॉडी मिस्टचे दोन. पेनने खूण करा आणि आठवडाभर खिडकीपाशी उजेडात टांगा. पिवळं पडणारा कोपरा आपोआप सांगेल.

काढायला ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर. लिटरभर कोमट पाण्याला एक मोठा चमचा, पाणी हाताला सुखद लागेल इतपत गरम, कपडा दोन-तीन तास बुडवून ठेवायचा आणि मग नेहमीसारखा धुवायचा. जुना डाग एका वेळेत जात नाही, दोन-तीनदा करा. पांढऱ्या सुतीला हे चालतं. रेशीम आणि लोकर यांना नाही. काखेच्या डागाला आधी पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी चार भाग, अर्धा तास. मग स्वच्छ खंगाळून परकार्बोनेट. बाजारात मिळणारं क्लोरीनचं ब्लीच काखेच्या डागावर घालू नका, पिवळेपणा वाढतो. आणि व्हिनेगर व क्लोरीन ब्लीच एका बादलीत कधीही एकत्र आणू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात ते जिवावर बेतू शकतं.

बंदरवाडी

एवढा खर्च कशाला? मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणायचं, ३० मिलीच्या स्प्रे बाटलीत भरायचं, लिंबाच्या तेलाचे २० थेंब टाकायचे. ताजा वास, शंभर रुपयांत काम.

रसायनवाली

बंदरवाडी दादा, हे करू नका आणि दुसऱ्यांनाही सुचवू नका. कारणं सांगते.

सर्जिकल स्पिरिट पिता येऊ नये म्हणून त्यात इतर द्रव्यं मिसळलेली असतात, आणि त्याला स्वतःचा दवाखान्याचा वास आहे. लिंबू पाच मिनिटांत उडालं की अंगाला इंजेक्शनच्या खोलीचा वास उरतो. परफ्यूमच्या अल्कोहोलची प्रत वेगळी, ते अबकारीच्या नियमांखाली येतं, किरकोळीत सहज मिळत नाही.

याहून गंभीर गोष्ट उन्हाची. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकूमरिन असतात. ते त्वचेवर असताना ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते, आणि नंतर तपकिरी चट्टे महिनोन्‌महिने राहतात. कागदी लिंबू पिळून तसंच उन्हात गेल्यावर हातावर डाग उमटतात, ते याच जातीचे. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा हिने अंगावर राहणाऱ्या उत्पादनात अशा लिंबू तेलाची मर्यादा २ टक्के ठरवलीय, बर्गमॉटची तर ०.४ टक्के. २० थेंब म्हणजे साधारण एक मिली. ३० मिलीत एक मिली म्हणजे ३ टक्क्यांच्या वर. मर्यादेच्या दीडपट झालं ते, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. नावाजलेल्या कंपन्या फ्युरोकूमरिन काढून टाकलेलं तेल वापरतात किंवा प्रमाण सांभाळतात, म्हणून विकतच्या परफ्यूमला ही भीती कमी. तरीही उन्हात चालायचं असेल तर उघड्या गळ्यावर लिंबूवर्गीय परफ्यूम मारू नये, केसांखाली आणि कपड्याच्या आत मारावा.

शिवाय लिमोनीन उघड्या हवेत जुनं झालं की त्याची जी संयुगं बनतात ती त्वचेला ॲलर्जी देतात. म्हणून तळाशी थोडीशी उरलेली, वर्षानुवर्षं पडून असलेली लिंबाच्या वासाची बाटली वास चांगला येतोय म्हणून वापरू नका. नवीन काहीही घेतलं तर कोपराच्या आत एक फवारा मारून २४ तास वाट बघा. खाज, लाली आली तर तो वास कितीही आवडता असला तरी सोडायचा.

वाळा-मोगरा

अत्तराबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. वर वेटिव्हर आला आहे. तो परदेशी बाटलीतूनच घ्यावा असं काही नाही, खसचं, म्हणजे वाळ्याचंच, अत्तर उन्हाळ्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे.

कनौजला अजूनही जुन्या पद्धतीने काढतात. तांब्याच्या डेगमध्ये (मोठ्या हंड्यात) मुळं किंवा फुलं पाण्यात शिजवायची, तोंड मातीने लिंपायचं, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, न्यायची. भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असेल तर जे तयार होतं ते अत्तर. चंदन नसेल आणि नुसतं तेल वेगळं केलं तर ती रूह. रूह खसला हिरवी झाक असते, ती तांब्याच्या भांड्यामुळे. वास कोरड्या मुळांचा, ओल्या मातीचा, किंचित धुरकट. भर उन्हात नवीन माठात वाळ्याची जुडी टाकली की पहिल्या भांड्याला जो वास येतो, तो डोळ्यांपुढे आणा.

पण सावध राहा. अस्सल रूह खस महाग असते, ती दोन-तीनशे रुपयांत बाटलीभर मिळत नाही. त्या भावात जे भडक हिरवं 'खस' मिळतं त्याला सरबताचा गोड वास येतो, ते रंग आणि बनावटी सुगंध घालून पातळ केलेलं असतं. लावायला हरकत नाही, फक्त ते काय आहे ते माहीत असू द्या. कागदावर थेंब टाकून तेलाचा डाग राहिला तर भेसळ, असं सांगतात, त्यावर विसंबू नका. खसचं अस्सल तेलही जड असतं, त्याचाही डाग बराच काळ दिसतो.

रोजच्या वापराला अर्धा-एक मिली चांगलं खस अत्तर घ्या आणि दहा मिलीच्या रोल-ऑन बाटलीत होहोबा (जोजोबा) तेलात मिसळा: एक मिली अत्तराला नऊ मिली तेल. घरचं खोबरेल घेऊ नका. त्याला स्वतःचा वास असतो, तो खसला दाबतो, आणि उकाड्यात काही महिन्यांनी खवट होतं. कोपराच्या आत रोल-ऑनची एक रेघ, त्यावर काहीच नाही तरी चालेल. हवं तर मानेमागे ४७११ सारख्या कोलोनचे दोन फवारे. कोलोन एसटीपर्यंत साथ देईल, खस संध्याकाळपर्यंत. अत्तरदाणींचं 'दोनदा लावा' मला पटतं, पण दुपारी तोंड धुवायला जागा आणि वेळ नसलेल्या बायकांसाठी हा दुसरा रस्ता आहे.

मोगरा, केवडा, हिना ही अत्तरं मात्र संध्याकाळी, मोकळ्या हवेत. भरलेल्या गाडीत केवडा फार होतो.

फुलांचंच हवं असेल तर अंगावर लावण्यापेक्षा कपड्यात ठेवा. बकुळीची फुलं सुकल्यावरही वास सोडत नाहीत. सकाळी झाडाखाली पडलेली, दव नसलेली वेचायची, सावलीत सुपात पसरून चार दिवस सुकवायची, मलमलच्या पुरचुंडीत बांधून सुती कपड्यांच्या घडीत ठेवायची. सुरंगीच्या कळ्यांचंही तसंच. वेंगुर्ला-शिरोडा बाजूला फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वळेसर (सुरंगीचे गजरे) येतात, ते केसांतून काढल्यावर टाकून देऊ नका. फक्त हे सगळं पावसाआधी कडकडीत सुकलेलं पाहिजे. जूनमध्ये थोडीशीही ओल राहिलेली पुरचुंडी बुरशी धरते आणि शेजारच्या साडीलाही लावते.

काजूबी

सगळ्यांचे आभार. व्हॅनिलाची बाटली हिवाळ्यापर्यंत बाजूला. दोन शंका उरल्या. आमच्याकडच्या दुकानांत टेस्टर फारसे नसतात, असले तरी दुकानात एसी आणि पन्नास वास एकत्र, काही कळत नाही. आणि ऑनलाइन स्वस्त दिसतं त्यात खोटं किती, ते कसं ओळखायचं?

अत्तरदाणी

एसीतल्या दुकानात कधीच निर्णय घेऊ नका. २३-२४ अंशांच्या कोरड्या हवेत व्हॅनिलासुद्धा सभ्य वागतो. आधी कागदाच्या पट्टीवर चार वास, जास्त नाही, पाचव्याला नाक थकतं. त्यांतले दोन निवडून एक उजव्या कोपरात, एक डाव्या. मग दुकानातून बाहेर पडा. मासळी बाजारातून, भाजी घेऊन, उन्हातून अर्धा तास फिरून या. घाम येऊ द्या. अर्ध्या तासाने जे कोपरात उरलंय तेच तुमच्याबरोबर दिवसभर राहणार आहे, ते आवडलं तर घ्या. कॉफीच्या बिया हुंगून नाक साफ होतं म्हणतात, त्यापेक्षा स्वतःच्या बाहीवरचं साधं सुती कापड हुंगणं बरं.

टेस्टर नसेल तर सर्वात लहान बाटली घ्या. १८-२० मिली म्हणजे दोनशे फवारे, नाही आवडलं तर पडदे आणि चादरींना वापरता येतो.

खोट्याबद्दल: परदेशी परफ्यूमच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, आयातीचा नोंदणी क्रमांक, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं स्टिकर असायला हवं. बाटलीच्या तळावरचा बॅच क्रमांक आणि खोक्यावरचा एकच असला पाहिजे. काचेत बुडबुडे, वाकडी नळी, झाकण ढिलं, फवाऱ्याऐवजी धार ही वाईट लक्षणं. नळी तळाला टेकून दुमडलेली दिसली तर मी बाटली परत देईन. किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या स्टॉलवर १०० मिलीचा नामांकित परफ्यूम अडीचशे रुपयांत मिळत असेल तर तो काय आहे हे किमतीतच लिहिलेलं आहे. अंगावर लावू नका.

सड्यावरची

ठेवण्याबद्दल राहिलं. न्हाणीघरातल्या फळीवर नको, खिडकीत नको. मूळ खोक्यात, लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात. परफ्यूमचे शत्रू तीन: उजेड, उष्णता, हवा. लिंबूवर्गीय आधी बिघडतात. रंग गडद झाला किंवा पहिल्या फवाऱ्याला नेलपॉलिशसारखा, आंबट वास आला तर समजा गेलं. मे महिन्यात फ्रीजच्या दारात ठेवलं तर बिघडत नाही, फक्त डबीत बंद करा, नाहीतर फ्रीजमधलं लोणी त्याचा वास घेतं.

खाऱ्या हवेने स्प्रेच्या तोंडाचा धातू हिरवट पडतो आणि भोक तुंबतं. सुई घालू नका. तोंड काढता येत असेल तर काढून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, कोरडं करा, परत बसवा. झाकण दर वेळी लावलं तर ही वेळ कमी येते.

पावसात एक वेगळी गोष्ट सांभाळायची. कपडे नीट वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात. त्यावर परफ्यूम मारला तर कुबटपणा गोड होतो, जात नाही. शेवटच्या खंगाळण्याच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, पंख्याखाली वाळवा, घालण्याआधी गरम इस्त्री फिरवा. मग ओढणीला एकच फवारा.

पर्समधली पाच मिलीची बाटली स्कूटीच्या डिकीत राहू देऊ नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी तव्यासारखी तापते, अल्कोहोल फुगून झाकणातून पाझरतं, आणि आठवड्यात बाटली अर्ध्यावर आलेली असते.